जोडावर गाडी उचलते

गेल्या नोव्हेंबरातल्या एका दुपारी मध्य मुंबईतल्या रेल्वेमार्गांवरच्या एका जुन्या पुलावरून मी पायी चालले होते. पुलाच्या तोंडाशी रसवंतीचे घुंगरू वाजत होते, खालून जलद लोकल गेली की कठड्याचे लोखंड किंचित शहारत होते, आणि पदपथावरच्या पेव्हर ब्लॉकच्या फटींतून निघालेले गवत चप्पलला घासत होते. मागून बेस्टची लाल बस आली, माझ्या शेजारून पुढे गेली आणि स्पॅनच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या पुलाच्या तुकड्याच्या, जोडावर चढली. त्या क्षणी तळपायातून एक धक्का वर गुडघ्यापर्यंत आला. जेमतेम सेकंदाने मागच्या चाकांचा दुसरा आला, आणि तो पहिल्यापेक्षा जड होता. मी जागच्या जागी थांबले. या पुलाच्या पोटाला त्याआधी आठ महिने मी स्वतः ताण मोजणारे चौदा स्ट्रेन गेज लावून घेतले होते, त्यांच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे ठाऊक असलेल्या वजनाशी त्यांचे आकडे जुळवून घेण्याचा, अहवाल माझ्या सहीने गेला होता, आणि त्या अहवालात चाचणीच्या डंपरच्या चाकाखालचा भार दाखवणारी रेषा नेमकी याच जागी अगदी शांत होती.

पायाला जे कळले, ते माझ्या आलेखात नव्हते.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांना गेज म्हणजे काहीतरी मोठे यंत्र वाटते. प्रत्यक्षात ती नखाएवढी पातळ पट्टी असते. तिच्यात केसाहून बारीक धातूची नागमोडी रेघ असते, आणि ही पट्टी गर्डरला, म्हणजे पुलाच्या पोलादी तुळईला, चिकटवली की गर्डर ताणला जाईल तसतशी ती रेघही ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध वाढतो. तार ताणल्यावर तिचा रोध बदलतो हे लॉर्ड केल्विन यांनी १८५६ मध्येच दाखवले होते. पण तार चिकटवून वापरायची कल्पना १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांना स्वतंत्रपणे सुचली. रूज हे भूकंपात पाण्याच्या टाकीचे काय होते याचा अभ्यास एका छोट्या नमुन्यावर करत होते, आणि त्या नमुन्याच्या पातळ पत्र्यावर बसेल इतके हलके मोजमापाचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. आम्ही वापरतो तो गेज १२० ओहमचा असतो. पुलावरून भरलेली गाडी गेली आणि गर्डरमध्ये ५० मायक्रोस्ट्रेन निर्माण झाले, म्हणजे मीटरभर लांबीचे पोलाद मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतके ताणले गेले, तर त्या १२० ओहममध्ये फरक पडतो ०.०१२ ओहमचा. एवढ्याशा फरकावर पुलाची प्रकृती ठरवायची असते. पोलादाचे तापमान एका अंशाने वाढले तरी ते १२ मायक्रोस्ट्रेनने प्रसरण पावते, आणि गेजपासून दोन हातांवर २५ हजार व्होल्टची ओव्हरहेड तार असते, हेही त्याच हिशेबात धरायचे.

गेज लावण्याचे काम मला अजूनही मनापासून आवडते. रात्री दीडला ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामासाठी दिलेला वेळ, मिळतो, तारेचा प्रवाह बंद होतो, रेल्वेची माणसे तारेला अर्थिंग लावल्याची खात्री देतात, आणि मगच आम्ही परांचीवरून गर्डरच्या खालच्या अंगाला हात लावतो. जुन्या रिव्हेटच्या गर्डरवर रंगांचे थर असतात: वर रुपेरी, त्याखाली करडा, त्याखाली शेंदरी. ते खरवडत गेले की शेवटी पोलाद लागते, आणि टॉर्चच्या उजेडात ते इतके स्वच्छ चमकते की शंभर वर्षांपूर्वीचे आहे यावर विश्वास बसत नाही. मग पॉलिश पेपर, मग ॲसिटोनचा बोळा, एकाच दिशेने, तो पांढरा निघेपर्यंत. मुंबईच्या हवेत उघडे पोलाद फार वेळ उघडे ठेवता येत नाही, दमटपणा लगेच त्यावर बसतो. एक थेंब चिकटद्रव, त्यावर गेज, त्यावर अंगठा. मिनिटभर अंगठा हलवायचा नाही. त्या मिनिटात आसपासचे सगळे ऐकू येते: कबुतरांची फडफड, यार्डात कुठेतरी चाललेले वेल्डिंग, पुलावरून जाणाऱ्या एकट्या टॅक्सीची घरघर.

गेज बसला म्हणजे तो बोलू लागला असे मात्र होत नाही. तो फक्त रोधाचे आकडे देतो. कोणत्या आकड्याचा अर्थ किती टन, हे त्याला शिकवावे लागते, आणि त्यासाठी ज्याचे वजन आपल्याला ठाऊक आहे असे काहीतरी पुलावर न्यावे लागते. आम्ही खडीने भरलेला सहाचाकी डंपर ठरवला होता. वजनकाट्यावर तो आधी पूर्ण उभा केला, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून तोलला. एकूण वजन १५,२४० किलो भरले, त्यांपैकी पुढच्या आसावर ४,९८० आणि मागच्यावर १०,२६०. पुलावर खडूने खुणा केल्या होत्या, तिथे डंपर उभा करून वाचने घेतली आणि ती एकमेकांशी उत्तम जुळली. पण उभ्या गाडीने गेजला जे शिकवले ते उभ्या गाडीपुरतेच असते. पुलावरून दिवसभर जाणारी वाहने खुणेवर थांबत नाहीत. धावत्या गाडीची चौकट स्प्रिंगांवर सेकंदाला दोन-तीनदा हेलकावते, तिचे आस दहा-बारा वेळा थडथडतात, पुलालाही स्वतःचा एक ठेका असतो, आणि गेजपर्यंत हे सगळे एकमेकांत मिसळून पोचते. म्हणून त्याच डंपरला तासाला दहा, वीस, तीस किलोमीटरच्या वेगाने पुलावरून फिरवायचे, आणि गेजच्या नोंदींवरून उलट्या दिशेने हिशेब करत चाकाखाली क्षणोक्षणी किती भार होता हे पुन्हा उभे करायचे, असे ठरले होते.

चौथ्या फेरीनंतर डंपरचा ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा, कोरेगावकडचा माणूस, गळ्यात मफलर. माझ्याजवळ येऊन तो म्हणाला, ‘‘मॅडम, त्या जोडावर गाडी उचलते बरं का. तिथनं पुढं आदळते.’’ मी मान हलवली आणि वहीत पुढच्या फेरीची वेळ लिहिली. त्याचे म्हणणे लिहिले नाही. ब्लॉक संपायला चाळीस मिनिटे उरली होती आणि माझे लक्ष स्क्रीनवरच्या एका केबलच्या गुणगुणीकडे होते. हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही, हे मला लिहिताना जाणवते आहे.

काटा हलत असताना वाचायचा नाही, हे मी माझ्या आईकडून शिकले. आमचे घर गिरणगावातल्या चाळीत होते आणि १९८२ च्या संपानंतर घरातला प्रत्येक किलो मोजूनच वापरला जाई. रेशनच्या दुकानात गोल तबकडीचा काटा टांगलेला होता. दुकानदार उंचावरून पारड्यात तांदूळ ओतायचा, काटा झपकन पुढे जायचा, आणि तो परत फिरण्याआधीच पारडे उचलून पिशवीत रिकामे व्हायचे. आई पारड्याच्या कडेवर हात ठेवून म्हणायची, ‘‘काटा थांबू द्या, भाऊ. मला घाई नाही.’’ रांगेतल्या बायका गप्प उभ्या असायच्या, दुकानदार दुसरीकडे बघायचा, आणि काटा हेलपाटत हेलपाटत शेवटी पाव किलो अलीकडे येऊन थांबायचा. मला तेव्हा लाज वाटायची. पुढे माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये कंपनांचा विषय शिकताना फळ्यावर एक साधे समीकरण आले: स्प्रिंगवर एखादे वजन अचानक सोडले तर, घर्षण नसल्यास, पहिला झोका स्थिर वाचनाच्या बरोबर दुप्पट जातो. मी वहीवरून मान वर केली आणि मला आईचा पारड्यावरचा हात दिसला.

पुलाचा काटा मात्र कधीच थांबत नाही. त्याचे वाचन हलता-हलताच करावे लागते, आणि तिथे आईचा नियम मला पुरला नाही.

गर्डर किती वाकला यावरून वर किती भार होता हे काढणे ऐकायला सोपे वाटते. भारावरून वाकणे काढणे सोपे आहेच. उलट दिशेचा प्रवास फसवा आहे. पोलादाचा गर्डर भाराचे बारीक चढउतार आपल्यात जिरवून टाकतो, धारदार धक्क्याचेही तो गोलाईदार वाकणे करतो. परतीच्या हिशेबात ती गोलाई पुन्हा धारदार करावी लागते, आणि तसे करताना नोंदीत शिरलेला बारीकसा विद्युत कोलाहलसुद्धा शेकडो पटींनी मोठा होऊन भाराच्या वेषात समोर येतो. ज्या प्रश्नाचे उत्तर माहितीतल्या किरकोळ फरकाने वाटेल तसे बदलते त्याला गणितात नीट मांडलेला प्रश्न म्हणत नाहीत; ही कसोटी फ्रेंच गणिती जाक हादामार यांनी १९०२ मध्ये घातली होती. आमचा प्रश्न त्या कसोटीवर सरळसरळ नापास होतो. डंपरच्या पहिल्याच फेरीचे उत्तर निघाले तेव्हा एका क्षणी मागचा आस पुलाला चक्क वर उचलत होता, म्हणजे त्याचे वजन उणे तीन टन होते, आणि पुढच्याच क्षणी बावीस टन. अशा वेळी रशियन गणिती आंद्रेय तिखोनोव यांनी १९६३ मध्ये मांडलेली रीत वापरतात. हिशेबाला सांगायचे की उत्तर नोंदींशी जुळले पाहिजेच, पण ते फार खडबडीतही असता कामा नये. या दोन मागण्यांपैकी कोणतीला किती मान द्यायचा हे एका आकड्यावर ठरते. त्याला लॅम्डा म्हणतात. तो लहान ठेवला तर कोलाहल शिरतो, मोठा केला तर रेषा इस्त्री केल्यासारखी होते.

हा आकडा निवडण्याच्या रीती आहेत. नोंदींशी न जुळण्याचे माप एका अक्षावर आणि खडबडीतपणाचे दुसऱ्या अक्षावर घेतले की इंग्रजी एल अक्षरासारखा वक्र मिळतो आणि त्याच्या कोपऱ्याजवळचा लॅम्डा घेतात. आमच्या वक्राला टोकदार कोपरा नव्हता, एक ऐसपैस वळण होते. माझ्या तरुण सहकाऱ्याने त्या वळणावरचे तीन आकडे काढून तीन आलेख माझ्यासमोर ठेवले. पहिला दातेरी होता, दुसऱ्यात जोडाच्या पुढे एक बुटका उंचवटा होता, तिसरा नितळ होता. ‘‘मॅडम, दुसरा घेऊ का?’’ असे त्याने विचारले होते. मी तिसरा घ्यायला सांगितला, कारण त्याचे सरासरी वजन वजनकाट्याशी दोन टक्क्यांच्या आत जुळत होते, आणि तो अहवालात शोभणारा होता.

इथे एक गोष्ट मला तेव्हाच कळायला हवी होती, कारण मी ती दुसऱ्यांना शिकवत आले आहे. हिशेब तपासण्यासाठी आम्ही पुलावर वाळूची गोणीही टाकली होती: ५० किलो वजन, ३० सेंटिमीटर उंची. ती खाली पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर असतो, आणि ती न उसळता थांबली तर तिने पुलाला दिलेल्या धक्क्याचे एकूण माप, म्हणजे बल आणि काळ यांच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ, साधारण १२० न्यूटन-सेकंद यायलाच हवे. आमचे ११८ आले आणि आम्ही समाधानी झालो. पण हे क्षेत्रफळ धक्का कसाही पसरवला तरी तेवढेच राहते. तीन शतांश सेकंदात संपलेला धक्का सरासरी चारशे किलो वजनाएवढा असतो. तोच हिशेबाने दहा शतांश सेकंदांत पसरवला तर सव्वाशे किलोंचा दिसतो. बेरीज बरोबर येते आणि शिखर नाहीसे होते. वजनकाट्याशी जुळणारी सरासरीही अशीच बेरीज होती. आम्ही ज्या दोन कसोट्यांवर विसंबलो त्या दोन्हींना शिखर दिसतच नव्हते, आणि पुलाला इजा शिखराने होते.

त्यातून जागाही अशी की तिथला पुरावा मुळातच दुबळा. आमचे बहुतेक गेज स्पॅनच्या मध्यावर होते. चाक जोडाजवळ, म्हणजे आधाराजवळ, असते तेव्हा मध्यावरचे वाकणे अगदी थोडे असते, त्यामुळे तिथल्या भाराचा आवाज मध्यावरच्या गेजला जेमतेम ऐकू जातो. हिशेबाला तिथे खरे काय आणि कोलाहल काय हे ओळखता येत नाही, आणि गुळगुळीतपणाचा आग्रह धरला की सगळ्यांत आधी तिथलीच माहिती बळी जाते.

धावता भार आणि उभा भार यांत फरक असतो हे आपल्या क्षेत्राला फार महागात कळलेले आहे. इंग्लंडमध्ये चेस्टरजवळ डी नदीवरचा बिडाचा रेल्वेपूल मे १८४७ मध्ये गाडीखाली पडला, चौकशी आयोग बसला, आणि केंब्रिजचे प्राध्यापक रॉबर्ट विलिस यांनी उतारावरून भरलेली गाडी सोडून पट्ट्यांवरून नेण्याचे प्रयोग केले. तीच गाडी तिथे उभी असताना पट्टी जेवढी वाकते, त्याहून ती वेगात जाताना अधिक वाकते, हे त्यांना दिसले. १८४९ मध्ये गणिती जॉर्ज स्टोक्स यांनी त्याचे समीकरण मांडले. आपल्याकडे अंधेरी २०१८ आणि सीएसएमटी २०१९ इथल्या पूल कोसळण्याच्या दुर्घटनांनंतर जुन्या पुलांकडे बघण्याची नजर बदलली आणि माझ्यासारख्यांना काम मिळू लागले. तो विषय इथे वाढवत नाही. ती नावे घेताना मला अजूनही जड जाते.

मात्र विसर्जनाच्या दिवसांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण हा प्रश्न ज्यांनी कधी आलेख पाहिला नाही अशा लाखो माणसांच्या पायाखालचा आहे. आर्थर रोड आणि चिंचपोकळी इथल्या रेल्वेवरच्या पुलांवर एका वेळी १६ टनांहून अधिक भार होऊ देऊ नये, पुलावर थांबू नये, नाचू नये, अशी सूचना अलीकडे गणेशोत्सवात महापालिका देत आली आहे. साठ किलोचा एक माणूस धरला तर १६ टन म्हणजे सुमारे २६५ माणसे. पण हा हिशेब उभ्या माणसांचा झाला. ढोलाच्या ठेक्यावर उडी मारणारा माणूस निम्मा वेळ हवेत असतो. त्या वेळात जमिनीवर काहीच भार नसतो, म्हणून उरलेल्या निम्म्या वेळात त्याच्या पायांना सगळी भरपाई करावी लागते आणि शिखर त्याच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास जाते. साठ किलोंचे एकशेऐंशी होतात. सगळे एकाच क्षणी उडत नाहीत हे खरे, पण ताशा जितका चांगला वाजेल तितके ते एकत्र येतात. मी लहानपणी त्याच गर्दीत, बाबांच्या खांद्यावर बसून पूल ओलांडलेला आहे. पुढच्या मंडळाचा ताशा पुलावर येताच थांबायचा आणि नुसता ‘मोरया’चा आवाज उरायचा, तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता पुलावर ताशा थांबला की माझा जीव भांड्यात पडतो.

बस गेल्यानंतर मी त्या दुपारी तिथे अर्धा तास उभी होते. प्रत्येक जड वाहनाला दोन धक्के, दुसरा मोठा. जोडाच्या पट्टीवर वाकून बोट फिरवले तेव्हा पलीकडची कड बोटाच्या अर्ध्या पेराइतकी खाली बसलेली लागली. त्याच रात्री मी सहकाऱ्याला फोन करून मूळ नोंदी मागवल्या. लॅम्डा कमी करत गेलो तशी नितळ रेषा हळूहळू वर उठू लागली. आधी मागच्या आसाखालचा भार जवळजवळ शून्यावर आला, म्हणजे गाडी उचलली, आणि लगेच पुढे शिखर उभे राहिले. अहवालात तिथे साडेअकरा टन होते. आता पंधरा ते अठरा टनांच्या मध्ये कुठेतरी होते. आठही फेऱ्यांत ते एकाच जागी होते. कोलाहल दर फेरीला जागा बदलतो. हे हलत नव्हते. सहकारी फोनवर काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘ड्रायव्हरकाकांनी सांगितलं होतं ना?’’ त्याला आठवत होते.

मी दुसऱ्या दिवशी ज्या कार्यालयाला अहवाल दिला होता तिथे जाऊन चूक सांगितली आणि पुरवणी अहवाल दिला. तिथल्या अधिकाऱ्यांनी आलेख बघून विचारले, ‘‘ही रेषा अशी दातेरी का?’’ मी म्हटले की एवढेच आम्हाला खात्रीने सांगता येते, म्हणून ती तशी ठेवली आहे, आणि शिखराला एक आकडा न देता पट्टा दिला आहे. जानेवारीत दुसरा ब्लॉक मिळाला. या वेळी आधाराजवळ गर्डरच्या उभ्या पत्र्यावर पंचेचाळीस अंशांत तिरके गेज लावले, कारण चाक जोडावरून उतरते तेव्हा तो पत्राच कातरला जातो आणि तिथे आवाज मोठा असतो. डंपर तोच मिळाला नाही, ड्रायव्हर मात्र मी आग्रहाने तोच बोलावला. फेऱ्या झाल्यावर त्याला लॅपटॉपसमोर स्टूलवर बसवले आणि काही न सांगता रेषा दाखवली. डावीकडून उजवीकडे बोट सरकवत तो म्हणाला, ‘‘हा चढ... इथं पुढचं चाक... आणि हे इथं उचलली.’’ त्याचे बोट जिथे थांबले तिथे भार ०.८ टन होता. त्यापुढच्या शिखरावर त्याने बोट नेलेच नाही, नुसते तोंडाने ‘‘धाड’’ म्हटले आणि चहाचा ग्लास उचलला.

जोडाची पट्टी फेब्रुवारीत बदलली. नव्या पट्टीनंतर पुन्हा कॅलिब्रेशन करावे लागणार आहे, कारण पूल आता वेगळा वाजतो आहे. तोवर मी आठवड्यातून एकदा वाट वाकडी करून तिथून चालत जाते आणि जोडापाशी बस येईपर्यंत उभी राहते. पुढच्या चाकांचा धक्का आता जाणवत नाही. मागच्यांचा अजून किंचित येतो, उजव्या पायाला अधिक. तो पट्टीचा आहे की बसच्या स्प्रिंगांचा, हे पायावरून सांगता येत नाही. ब्लॉकची तारीख अजून आलेली नाही.